औषध एकीला नाही, अख्ख्या वसतिगृहाला

पालघर जिल्ह्यात डोंगराकडच्या एका आश्रमशाळेत तपासणी होती, डिसेंबरची थंडी. मी शाळा तपासणीच्या पथकात डॉक्टर आहे त्यामुळे वजन, उंची, दात, डोळे हे ठरलेलं काम चाललेलं. सातवीतली एक मुलगी सगळ्यांच्या शेवटी आली, हात मागे लपवून. वर्गात तिला एकटीला वेगळ्या बाकावर बसवलं होतं. अधीक्षिका मॅडम म्हणाल्या, "अ‍ॅलर्जी आहे हिला, त्यात अंघोळीचा कंटाळा. मेडिकलमधून ट्यूब आणून दिलीये." ट्यूब बघितली तर स्टेरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध एकत्र असलेली, जी चिठ्ठीशिवाय कुठेही मिळते आणि अजिबात मिळायला नको.

"खाज कधी जास्त येते ग?"

"रात्री. झोपूच देत नाय."

"तुझ्या शेजारी कोण झोपतं?"

दोघींची नावं सांगितली. त्यांना पण खाज येते का विचारलं तर आधी मॅडमकडे बघितलं आणि मग मान हलवली.

बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, बेंबीभोवती बारीक पुरळ होतं पण स्टेरॉइडमुळे सगळं दबलेलं. मग मनगटावर शाईपेनाची शाई चोळली, स्पिरिटच्या बोळ्याने पुसली, आणि एका जागी काही मिलिमीटरची वाकडी रेघ तशीच राहिली. खरजेच्या किड्याची मादी कातडीत बीळ करत जाते, तिथेच रोज दोनतीन अंडी घालते, शाई त्या बिळात शिरते. मादी जेमतेम 0.4 मिलिमीटरची, नुसत्या डोळ्यांना धड दिसतही नाही. स्टेरॉइडने खाज तेवढी कमी होते, किडा मजेत वाढतो.

मग बाकीच्या मुली परत बोलावल्या. पडदा लावून, सिस्टरला सोबत घेऊन एकेकीला बघितलं, आणि निम्म्याहून जास्त जणींना खरूज निघाली. थंडीत दोघी-तिघी एका पांघरुणात झोपणार, पांघरुणं तेवढीच आहेत, मग दुसरं काय होणार? पहिल्यांदा लागण झाली की खाज सुरू व्हायलाच चार ते सहा आठवडे जातात, म्हणजे जिला काहीच होत नाही ती पण वाटत फिरत असते. रोज अंघोळ करणाऱ्यालाही खरूज होते. घाणेरडी म्हणून त्या पोरीला बाजूला बसवलं याचा मला खूप राग आला, आणि ते मी मॅडमना सगळ्या मुलींसमोर सांगितलं, कारण बाजूला बसवलं होतं ते पण सगळ्यांसमोरच.

पीएचसीच्या, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या, डॉक्टरांशी फोनवर बोलून ठरवलं की औषध सगळ्यांना एकाच रात्री द्यायचं, खाज असो नसो. मोठ्या मुलींना आयव्हरमेक्टिनची गोळी, किलोमागे 200 मायक्रोग्रॅम, म्हणजे तीस किलोच्या मुलीला 6 मिलिग्रॅम. पहिली-दुसरीतल्या ज्या 15 किलोच्या आत भरल्या त्यांना गोळी नाही, फक्त 5 टक्के परमेथ्रिन क्रीम. ज्यांचं फार वाढलं होतं त्यांना दोन्ही. फोडांत पू झालेल्यांची लघवी तपासली, कारण त्यातून पुढे किडनीला सूज येऊ शकते.

क्रीम मुद्दाम जेवणानंतर लावलं, नाहीतर हात धुतले की बोटांवरचं गेलंच. आधी नखं कापली. मानेपासून तळपायापर्यंत, नखांखाली, बेंबीत, जांघेत, सगळीकडे, आणि रात्री हात धुतले तर परत लावायचं. मोठ्या मुलींनी लहानग्यांना लावून दिलं, मला वाटलं होतं लाजतील, पण फार मनापासून केलं त्यांनी. कामाठी मावशी म्हणाल्या, "मला कशाला, मला काय झालंय?" आणि बोलता बोलता मनगट खाजवत होत्या, त्यांनाही गोळी दिली. सकाळी स्वयंपाकघरातल्या मोठ्या पातेल्यांत पाणी उकळून कपडे, चादरी भिजवल्या, आणि जाड ब्लँकेटं प्लास्टिकच्या गोण्यांत आठवडाभर बांधून ठेवली. माणसाच्या अंगाबाहेर किडा दोनतीन दिवसच जगतो, त्यामुळे तेवढं पुरतं.

सात दिवसांनी दुसरा डोस. तो सगळ्यात जास्त चुकतो, आणि तो चुकला की पहिला वाया. खाज मात्र किडे मेल्यावरही दोनतीन आठवडे राहते, ते आधीच बजावून ठेवलं होतं, नाहीतर मुली रोज क्रीम फासत बसतात.

महिन्याने परत गेले तर बहुतेक जणी साफ, सातवीतली ती आता मैत्रिणींच्या बाकावर. पण काही जणींच्या बोटांत नवीन पुरळ होतं, आणि त्या सगळ्या मधे सुट्टीला घरी जाऊन आलेल्या. म्हणून आता त्यांच्या घरांची यादी आशाताईंकडे दिलीये, घरातल्या सगळ्यांना एकाच दिवशी औषध. एका घरात तान्हं बाळ आहे, त्याच्या तळहातांवर, तळपायांवर पण पुरळ आहे असं ताई फोनवर म्हणाल्या. दोन महिने पूर्ण झालेत का ते विचारून घेतलं, कारण त्याआधी परमेथ्रिन देत नाहीत. तीन झालेत म्हणे. उद्या आधी तिकडेच जाणार आहे, एवढ्या लहान बाळाला डोक्याला पण लावावं लागतं, ते आईला समोर बसून दाखवायचंय.