माझी सही असलेलं विमान

विमान कंपनीत नोकरी म्हटलं की परभणीत पहिला प्रश्न येतो, "एअर होस्टेस का?" मी मालवाहू विमान कंपनीत फ्लाइट डिस्पॅचर आहे. विमान सुटण्याआधी त्याचा मार्ग, उंची, इंधन, वाटेतलं हवामान, उतरता आलं नाही तर जायचं कुठे, हे सगळं ठरवून जो कागद तयार होतो, त्यावर कॅप्टनच्या सहीबरोबर माझी सही असते. विमान हवेत असेपर्यंत त्याच्यावर लक्ष ठेवणं हेही आमचंच काम. मी तयारी करत होते तेव्हा याबद्दल मराठीत मला काहीच सापडलं नव्हतं, म्हणून लिहिते आहे.

नांदेडच्या विद्यापीठाची बी.एस्सी., विषय फिजिक्स. त्यानंतर एका संस्थेत "शंभर टक्के नोकरी" म्हणून प्रवेश घेतला. अण्णांनी त्या वर्षीच्या सोयाबीनचे पैसे त्यात घातले. अकरा महिने तिकिटं कशी काढायची आणि प्रवाशांशी कसं बोलायचं एवढंच शिकवलं, आणि डिस्पॅचरसाठी त्यातलं काही धरलं जात नाही हे नंतर कळलं. तो राग आजही गेलेला नाही. या कामाला डीजीसीएची, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची मान्यता लागते. तेव्हा कुठेही फी भरण्याआधी, तुमचा कोर्स त्या मान्यतेसाठी चालतो का, हे लेखी विचारा. लेखी द्यायला टाळाटाळ झाली तर उठून या.

शेवटी मी मुंबईत लोड कंट्रोलला लागले. प्रत्येक पॅलेटचं, म्हणजे माल बांधलेल्या सपाट तळाचं वजन किती, ते विमानात कुठे ठेवायचं, गुरुत्वमध्य मर्यादेत राहतो का, हे बघायचं. कोरडा बर्फ आणि एक दिवसाची कोंबडीची पिल्लं जवळ ठेवायची नाहीत, कारण बर्फातून कार्बन डायऑक्साइड निघतो, हे तिथेच शिकले. दोन वर्षं हे केलं. मागे वळून पाहताना वाटतं, खरं शिक्षण तेच झालं. कंपनीत डिस्पॅचची जागा निघाली तेव्हा वजनाचा हिशोब माझ्या हातात बसलेला होता.

मुलाखतीला तिघं होते. समोर दिल्लीचा टाफ, म्हणजे हवामानाचा अंदाज ठेवला आणि वाचायला सांगितलं. 'बिकमिंग' म्हणजे हवा बदलून तशीच राहणार, 'टेम्पो' म्हणजे मधूनमधून, एकेका वेळी तासाभरापेक्षा कमी, हा फरक मी नीट सांगितला. मग एकांनी विचारलं, "कॅप्टन म्हणाले, एवढं इंधन नको, तर?" मी म्हणाले, "जास्त मागायचा त्यांना हक्क आहे सर. कमी मागितलं तर हिशोब दाखवीन. तरी जमलं नाही तर सही करणार नाही." माझी निवड या उत्तरावर झाली असं मला आजही वाटतं.

पुढचा काळ मोठा होता. हवाई कायदा, हवामानशास्त्र, दिशादर्शन, विमानाची कामगिरी, त्या प्रकारच्या विमानाचा वेगळा कोर्स, परीक्षा. शिवाय देखरेखीखाली काम. आंतरराष्ट्रीय नियमांत हे किमान 90 कामाचे दिवस आहेत. या दिवसांत प्लॅन तुम्ही करता, सही दुसऱ्याची असते. इंधन थराथराने मोजायचं: धावपट्टीपर्यंतचं, प्रवासाचं, अनपेक्षितासाठीचं, पर्यायी विमानतळापर्यंतचं, आणि शेवटी तीस मिनिटं घिरट्या घालता येतील एवढं, ज्याला हात लावायचा नसतो.

एका रात्री मुंबईला येणाऱ्या विमानासाठी पर्याय म्हणून मी छत्रपती संभाजीनगरचा चिकलठाणा विमानतळ टाकला. आपला विमानतळ आपल्या प्लॅनमध्ये यावा असं फार मनात होतं. माझ्या कामावर देखरेख करणारे सर शेजारी बसून म्हणाले, "वॉच अवर्स, म्हणजे टॉवरच्या कामाच्या वेळा बघितल्यास का?" ते विमान यायच्या वेळी तिथला टॉवर सुरू नसणार होता. सरांनी पुढे एक शब्दही काढला नाही. त्यानंतर वॉच अवर्स आणि नोटॅम (वैमानिकांसाठीच्या ताज्या सूचना) दोन्ही वाचल्याशिवाय मी एकही विमानतळ प्लॅनमध्ये लिहिलेला नाही.

आमची पाळी बारा तासांची. दोन दिवस, दोन रात्री, मग सुट्टी. मालाचं खरं काम रात्रीच असतं. दिवसभर पार्सलं गोळा होतात, ती सकाळी दुसऱ्या शहरात हवी असतात. सगळं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर चालतं, म्हणून आमच्याकडे तारीख पहाटे साडेपाचला बदलते. सुरुवातीला झोपेचे फार हाल झाले. खिडकीला जाड काळा पडदा लावला, दुपारी फोन बंद ठेवायला लागले. आईला ते पटायला वर्ष गेलं. "दिवसाढवळ्या झोपायलीस, तब्येत बरी हाय ना?" आता तिला माझं वेळापत्रक पाठ आहे. मी देवगिरीने परभणीला उतरले की ती आधी विचारते, "रात्रीची करून आलीस का दिवसाची?" आणि त्याप्रमाणे जेवायला वाढते किंवा अंथरूण टाकते.

सही करायचा अधिकार मिळाल्यावरच्या पहिल्या जानेवारीतली गोष्ट. मुंबईहून दिल्ली, पहाटे उतरणार. दिल्लीत धुकं, आणि जयपूर, लखनऊचा अंदाजही खाली येत होता. मी पर्याय अहमदाबाद धरला. लांबचा पर्याय म्हणजे जास्त इंधन, आणि ते न वापरता उतरायचं झालं तर उतरतानाचं वजन मर्यादेबाहेर जातं. जवळजवळ एक टन माल खाली ठेवावा लागणार होता. व्यापार विभागातून फोनवर फोन आले. मी तिघांना तोच हिशोब तीनदा वाचून दाखवला. कॅप्टननी प्लॅन बघितला, काही न विचारता सही केली. विमान दिल्लीवर वाट बघत राहिलं, दृश्यमानता वर आली नाही, आणि ते अहमदाबादला उतरलं. त्या खाली ठेवलेल्या मालाच्या मालकांची मला काळजी वाटली होती. आजही वाटते. पण प्लॅन मी तसाच केला असता.

डिस्पॅचरने वर्षातून एकदा तरी कॉकपिटमध्ये बसून एकमार्गी प्रवास करावा असा नियम आहे. माझा पहिला मुंबई-कोलकाता होता, रात्रीचा, आणि प्लॅन माझाच. अर्ध्या तासाच्या आत खाली छत्रपती संभाजीनगरचे दिवे आले, लगेच जालना. कॅप्टननी विचारलं, "तुमचं गाव कुठे?" मी उजवीकडे लांब बोट केलं. तिकडे क्षितिजाजवळ एक पिवळसर ठिपका होता, परभणी असावी. मी त्या बाजूला बघत राहिले.

कोलकात्याला उतरल्यावर त्यांनी इंधनाचा आकडा वाचून दाखवला. माझ्या कागदावरच्या आकड्यात आणि त्यात ऐंशी किलोंचा फरक होता. तो कागद मी घडी करून पर्समध्ये ठेवला.