ॲम्बॅसडरला टँडम मास्टर बसवलं, पण एका नटाने तीन शनिवार खाल्ले

बाबांची मार्क 4 ॲम्बॅसडर अजून चालू आहे. मास्टर सिलिंडर (पॅडल दाबलं की ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलतं ते) जुनंच, सिंगल, म्हणजे चारही चाकांना एकच लाइन, कुठेही गळलं की सगळे ब्रेक गेले. कसारा घाटात पॅडल एकदा पार खाली गेलं, गिअर टाकत हँडब्रेक ओढत कशीबशी बाजूला घेतली, त्याच दिवशी ठरवलं की आता टँडम, म्हणजे एकाच मास्टरमध्ये दोन वेगळे भाग, एक लाइन गेली तरी दुसरी ब्रेक धरते.

नव्या गाडीचं मास्टर आणलं, नाशिकच्या अंबडमधल्या लेथवाल्याने ते बसवायची प्लेट अर्ध्या तासात करून दिली, विषय संपला. बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, मात्र जुन्याएवढाच बघा, मोठा घेतलात तर पॅडल दगडासारखं लागतं.

अडलं कुठे तर पाइपच्या नटाला. गाडीचे नट इंचातले, 3/8 इंची, इंचाला 24 आटे, आणि नवीन मास्टरची भोकं एम 10, म्हणजे 10 एमएमची, पिच (दोन आट्यांमधलं अंतर) 1 एमएम. गंमत अशी की जुना नट त्या भोकात हाताने आरामात जातो, कारण 3/8 म्हणजे साडेनऊ एमएम, आट्यांचं अंतरही जवळपास तेवढंच. द्वारकाला दुकानात दाखवलं तर काउंटरवरचा म्हणतो, "बसतंय ना भाऊ, मग काय?" मी पण येडा, घेतलं ऐकून. आवळला, पॅडल जोरात दाबलं, दुसऱ्याच दाबाला ठिबकायला लागलं, नट काढला तर आटे नुसते घासलेले. आमच्या मिस्त्रीने त्यावर टेफलॉन गुंडाळलं!! अरे बाबा, इथे सील आट्यांवर होतच नाही, पाइपच्या फ्लेअरवर (पसरवलेल्या तोंडावर) होतं, आणि ती पांढरी चिंधी तेलातून आत गेली तर भोकं बुजतील. दुसरा शनिवार अडॅप्टर शोधण्यात गेला, प्रत्येक दुकानात "उद्या या". शेवटी वैतागून मास्टरपासून पहिल्या जॉइंटपर्यंतचा बंडी पाइपच (ब्रेकचा बारीक स्टीलचा पाइप) नवा केला, एका टोकाला एम 10 चा नट, दुसऱ्याला जुना इंची. फ्लेअर झकास मारला आणि बघतो तर नट आत सरकवायचाच राहिलेला. पाइप कापा, पुन्हा फ्लेअर. बायको दारात उभी राहून हसत होती.

हां, एक राहिलंच, मास्टर गाडीवर चढवायच्या आधी वाइसमध्ये धरून त्यातली हवा काढा, नाहीतर नंतर चाकांपाशी कितीही ब्लीडिंग करा (हवा काढा), पॅडल स्पंजच.

ट्रायलला त्र्यंबक रोडने निघालो तर महिरावणीपर्यंत पुढची चाकं इतकी तापली की हात लावू देईनात. पुशरॉडला (पॅडलपासून मास्टरला ढकलणारी दांडी) प्ले, म्हणजे थोडी मोकळी जागा, ठेवला नव्हता, त्यामुळे तेल टाकीत परत येतच नव्हतं आणि ब्रेक धरूनच राहत होते. तिथेच थांबून एक-दीड एमएम ढिला केला, चाकं मोकळी झाली.

ब्रेक ऑइलची बाटली बॉनेटवर ठेवू नका. माझी लवंडली, पाणी मारेपर्यंत तळहाताएवढा रंग उठला, आणि बाबांना ब्रेकपेक्षा तेच आधी दिसलं.