पातळ पत्रा आणि नवे वेल्डिंग मशीन

वडिलांनी घेतलेली आमची मारुती ८०० गाडी १९९८ सालची आहे आणि तिचे सारे आयुष्य दापोलीच्या खाऱ्या हवेत गेले आहे. यंदा पावसाळा सरल्यावर चालकाच्या पायाखालची रबरी चटई उचलून गंज किती चढला आहे हे पाहण्यासाठी स्क्रू ड्रायव्हर टेकवला, तर जोर न लावताच तो पत्र्यातून आरपार गेला.

माझ्याकडे २०० अँपिअरचे साधे आर्क मशीन आहे, म्हणजे विजेच्या ज्योतीने (आर्कने) रॉड वितळवून जोड देणारे वेल्डिंग मशीन. फाटक, गोठ्याचे अँगल, टाकीचा स्टँड ही सगळी कामे त्याने उत्तम केली. गाडीच्या तळाचा पत्रा मात्र जेमतेम ०.८ मिलिमीटर जाडीचा. अडीच मिलिमीटरचा रॉड लावून करंट उतरवला, तर रॉड चिकटू लागला. जरा वाढवला, तर पत्रा क्षणभर लालभडक झाला, मधला थेंब खाली गळला आणि बोट जाईल एवढे भोक पडले. ते बुजवायला जावे, तर कडा आणखी वितळून मागे सरत.

दुकानात मला अधिक ताकदीचे मशीन घेण्याचा सल्ला मिळाला, पण माझी गरज नेमकी उलटी आहे. मला हवे आहे तीस-चाळीस अँपिअरवरही न अडखळता चालणारे मिग मशीन, म्हणजे रॉडऐवजी तार वितळवून जोडणारे वेल्डिंग मशीन. त्यातील ०.८ मिलिमीटरची तार मोटरने एकसारखी पुढे सरकते आणि बटण सोडताच आर्क थांबतो, त्यामुळे एक टाका मारून, तो निवेपर्यंत दुसरा लांब मारून, पत्रा न वाकवता ठिगळ जोडता येते.

खरा पेच गॅसचा आहे, म्हणजे वितळलेल्या टाक्याला हवा लागू नये म्हणून त्यावर सोडायच्या गॅसचा. गॅसविना चालणारी फ्लक्सची तार (हिच्या पोटातली भुकटी जळून स्वतःच आवरण तयार करते) स्वस्त आणि सुटसुटीत वाटते, पण पातळ पत्र्यावर तिचा ताप जास्त लागतो, ठिणग्या फार उडतात आणि टाक्यावरची खपली झाडावी लागते. साधी तार आणि आर्गॉन-कार्बन डायऑक्साइडचे मिश्रण वापरले, तर काम कितीतरी स्वच्छ होते. मात्र आमच्या पडवीत समुद्राकडून सतत वारा येतो. तो गॅसचे आवरण उडवून लावतो आणि टाका आतून सच्छिद्र होतो. म्हणून पडवीला तिन्ही बाजूंनी ताडपत्री बांधायची आणि गॅसचेच मशीन घ्यायचे, असे मी ठरवले आहे. फ्लक्सच्या तारेसाठी टॉर्च, म्हणजे तार बाहेर सोडणारी हातातली मूठ, मशीनच्या ऋण टोकाला जोडावा लागतो, तेव्हा ध्रुव बदलण्याची सोय असलेलेच मशीन निवडेन, म्हणजे अंगणातल्या कामाची अडचण उरणार नाही.

विजेचा विचारही केला. संध्याकाळी आमच्याकडे विजेचा दाब (व्होल्टेज) बराच उतरतो, त्यामुळे काम सकाळीच करावे लागेल, आणि लांबलचक बारीक वायर जोडून मशीन चालवणे मी कटाक्षाने टाळणार आहे.

सस्पेन्शन आणि सीटबेल्ट जिथे अडकवलेले असतात, तिथे मात्र मी हात लावणार नाही. ते काम अनुभवी कारागिराकडेच जाईल, कारण तिथला कच्चा टाका घरच्या माणसांच्या जिवावर बेतू शकतो. जुने आर्क मशीन फाटकासाठी राहील. दिवाळीनंतर मशीन येईल. तोवर बॅटरी, आसने आणि पेट्रोलची टाकी उतरवून, लख्ख धातू दिसेपर्यंत गंजका पत्रा कापत जायचे काम आहे.