नियम राखणारे खेळाडू आणि त्यांचे उत्तरदायित्व

ऑनलाइन खेळांत नियम मोडणाऱ्यांवर लक्ष ठेवण्याचे काम खेळ चालवणारी कंपनी करते, असा बाहेरच्यांचा समज असतो. प्रत्यक्षात या कामाचा फार मोठा भाग सामान्य खेळाडूच करत असतात आणि त्यासाठी त्यांना कोणी नेमलेले नसते. कोणी भिंतीपलीकडचे दाखवणारा हॅक (फसवणुकीचे सॉफ्टवेअर) लावून खेळतो आहे, कोणी आपल्याच संघाचा डाव मुद्दाम बिघडवतो आहे, कोणी माइकवरून शिव्या देतो आहे, हे सर्वांत आधी कळते ते त्याच लॉबीतल्या, म्हणजे त्या सामन्यासाठी एकत्र जमलेल्या, इतरांना. तक्रार तेच करतात, समज तेच देतात आणि अनेक ठिकाणी शिक्षाही परस्पर तेच देऊन टाकतात. यांपैकी पहिली दोन कामे कोणाही खेळाडूला करता यावीत, परंतु शिक्षेचा अधिकार ज्याच्या हाती जाईल त्याला त्या अधिकाराचा हिशेब द्यावा लागावा, असे माझे ठाम मत आहे.

हा प्रश्न नवा नाही. झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रातून १९९० साली ‘लॅम्डामू’ नावाचे केवळ मजकुरावर चालणारे आभासी जग सुरू झाले. तिथल्या व्यवस्थापकांना ‘विझर्ड’ म्हणत. सभासदांची भांडणे सोडवून थकलेल्या विझर्डांनी १९९२च्या अखेरीस जाहीर केले की यापुढे आपण केवळ तांत्रिक बाजू सांभाळू, सामाजिक निर्णय सभासदांनी घ्यावेत. पुढच्याच वर्षी एका सभासदाने इतरांच्या पात्रांवर अत्यंत हिंस्र स्वरूपाचा अत्याचार केला. लोक जमले, तासन्‌तास चर्चा झाली, पण निर्णय कसा घ्यायचा याची पद्धतच ठरलेली नव्हती. शेवटी एका विझर्डाने एकट्यानेच त्या सभासदाचे खाते नष्ट केले. त्यानंतर तिथे अर्ज आणि मतदान यांची रीतसर व्यवस्था आली. अधिकार लोकांवर सोपवला परंतु रीत घालून दिली नाही, तर निर्णय अखेर एकाच माणसाच्या हातात जातो, हे तेव्हाच स्पष्ट झाले होते.

रीत घालून देण्याचा मला सर्वांत विचारपूर्वक वाटलेला प्रयत्न व्हॉल्व्ह कंपनीने २०१३ साली ‘काउंटर-स्ट्राइक: ग्लोबल ऑफेन्सिव्ह’ या दोन संघांच्या गोळीबाराच्या खेळात आणलेल्या ‘ओव्हरवॉच’चा होता. (याच नावाचा दुसऱ्या कंपनीचा एक खेळ आहे, त्याचा याच्याशी संबंध नाही.) ज्या खेळाडूविरुद्ध बऱ्याच तक्रारी येत, त्याच्या सामन्याच्या चित्रणाचा एक भाग अनुभवी खेळाडूंपुढे तपासणीसाठी ठेवला जाई. हे तपासनीस पगारी नव्हते. किती सामने जिंकले, खाते किती जुने आहे, त्यांच्याविरुद्ध स्वतःच तक्रारी आहेत का, असे पाहून त्यांची निवड होई. संशयिताचे नाव त्यांना दिसत नसे, त्याचे लिहिणे-बोलणेही काढून टाकलेले असे. नेम धरायला बाहेरची मदत घेतली का, भिंतीपलीकडचे पाहण्याची सोय वापरली का, अन्य काही साहाय्य घेतले का, स्वतःच्या संघाचा खेळ मुद्दाम बिघडवला का, एवढेच प्रश्न विचारले जात, आणि प्रत्येकाला दोनच उत्तरे होती: वाजवी शंकेपलीकडे सिद्ध होते, किंवा पुरावा अपुरा आहे.

‘हा दोषी आहे का?’ असे न विचारता ‘तुझ्यासमोर जे आहे त्यातून हे सिद्ध होते का?’ असे विचारल्याने तपासणाऱ्याच्या मनाची बैठकच बदलते. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. एकाच प्रकरणावर अनेकांची मते घेतली जात, पण सर्वांच्या मताला सारखे वजन नसे. ज्याचे निर्णय पूर्वी बरोबर ठरले त्याच्या मताला अधिक मोल मिळे, आणि निकाल आधीच ठाऊक असलेली प्रकरणे मधूनमधून मुद्दाम देऊन तपासनिसाचीच पारख केली जाई. म्हणजे जो खेळाडू दुसऱ्याचा न्याय करत होता, त्याच्याही कामावर कोणाचे तरी लक्ष होते. अशी सोय आपल्या रोजच्या गटांमध्ये क्वचितच आढळते आणि ती नसल्याचे परिणाम आपण भोगतो.

याच व्यवस्थेतून पुढे आलेली एक आकडेवारी प्रत्येक खेळाडूने लक्षात ठेवावी अशी आहे. व्हॉल्व्हचे जॉन मॅकडॉनल्ड यांनी २०१८च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये संशयित खेळाडू स्वतःच हेरून त्यांची प्रकरणे ओव्हरवॉचकडे पाठवणाऱ्या ‘व्हॅकनेट’ या यंत्रशिक्षणावर आधारलेल्या प्रणालीची माहिती दिली. खेळाडूंच्या तक्रारींवरून ओव्हरवॉचकडे गेलेल्या प्रकरणांपैकी साधारण १५ ते ३० टक्के प्रकरणांतच दोष सिद्ध होई. व्हॅकनेटने पाठवलेल्या प्रकरणांत मात्र हे प्रमाण ८० ते ९५ टक्के होते. न्याय करणारे दोन्हीकडे तेच, म्हणजे अनुभवी खेळाडू. फरक तक्रार करणाऱ्यात होता. सामना हरत असताना, त्याच माणसाने आपल्याला लागोपाठ मारलेले असताना, समोरचा आपल्याहून चांगला खेळतो आहे हे स्वीकारण्यापेक्षा तो हॅकर आहे हे मानणे सोपे जाते. तोच खेळाडू दुसऱ्या दिवशी, शांतपणे, नाव न दिसणारे अनोळखी चित्रण पाहायला बसला की त्याचा निर्णय भरवशाचा ठरतो. माणूस तोच असून परिस्थितीने एवढा फरक पडतो, म्हणून खेळाच्या तापात परस्पर शिक्षा करण्याचा अधिकार कोणालाही देऊ नये असे मी म्हणते.

रायट गेम्स कंपनीने ‘लीग ऑफ लेजंड्स’ या सांघिक ऑनलाइन खेळात २०११ साली सुरू केलेल्या ‘ट्रायब्यूनल’चा अनुभव याहून वेगळा होता. तिथे तक्रार झालेल्या खेळाडूचे सामन्यातले संभाषण आणि खेळाचे तपशील इतर खेळाडूंपुढे ठेवले जात आणि त्यांनी शिक्षा किंवा माफी असे मत द्यायचे असे. कल्पना उत्तम होती आणि लोकांनी ती उचलूनही धरली. परंतु सुरुवातीच्या काळात ज्याचे मत बहुमताशी जुळे त्याला खेळातले चलन बक्षीस मिळे. बक्षीस बहुमताशी जुळण्याला असेल तर पुरावा वाचण्यापेक्षा इतर काय म्हणतील याचा अंदाज घेणे फायद्याचे ठरते, आणि तेच करण्याकडे माणसाचा कल होतो. हे बक्षीस नंतर काढून टाकण्यात आले आणि २०१४ साली ट्रायब्यूनलही बंद झाले. त्यातली एक चांगली गोष्ट मात्र मागे राहिली: शिक्षा झालेल्या खेळाडूला त्याचेच संभाषण दाखवून, कशाबद्दल शिक्षा झाली हे स्पष्ट कळवायचे. कारण न सांगता दिलेल्या शिक्षेतून कोणी काही शिकत नाही, केवळ चिडतो आणि दुसरे खाते उघडतो.

आता आपल्याकडचे सांगते. पुण्यात हे खेळ खेळणाऱ्या मराठी मंडळींच्या एका डिस्कॉर्ड सर्व्हरची, म्हणजे लिहून आणि बोलून गप्पा मारण्याच्या ऑनलाइन गटाची, मी बरीच वर्षे सभासद आहे. मी मॉडरेटर, म्हणजे गटाची शिस्त सांभाळायला नेमलेली व्यक्ती, नाही. कर्वेनगर-धनकवडीच्या खोल्यांत राहणारे अभियांत्रिकीचे विद्यार्थी, हिंजवडी आणि खराडीच्या कंपन्यांतून परतून जेवणे उरकल्यावर खेळायला बसणारे माझ्यासारखे नोकरदार, आणि बीड, लातूर, धुळे इथून शिक्षणासाठी पुण्यात आलेली मुले, असा हा मिश्र गोतावळा आहे. इथे सामान्य सभासदांनी नियमांकडे लक्ष देण्याला पर्याय नाही, कारण कंपन्यांच्या स्वयंचलित चाळण्यांना आपली भाषा कळत नाही. इंग्रजी शिवी त्या अडवतात. रोमन लिपीत, मुद्दाम अक्षरे बदलून लिहिलेली मराठी शिवी निसटून जाते. जातीवरून मारलेला टोमणा तर अनेकदा शिवीच्या रूपात नसतोच. एखाद्याचे आडनाव विशिष्ट सुरात उच्चारणे, ‘कोणत्या कोट्यातून आलास?’ असे हसत विचारणे, मराठवाड्यातल्या मुलाच्या बोलण्याची प्रत्येक वाक्याला नक्कल करणे, यांतले एकही कोणत्या यादीत सापडणार नाही. ते ओळखायला याच समाजात वाढलेला कान लागतो. मुलींच्या बाबतीतही तेच. आवाजावरून मुलगी आहे हे कळल्यावर लॉबीत जे बोलणे सुरू होते, त्यातला निरुपद्रवी वाटणारा भाग किती उपद्रवी असतो हे तिथे बसलेल्या माणसालाच कळते. अशा वेळी कोणीतरी ‘हे थांबव’ म्हणणे ही त्या मुलीसाठी फार मोठी गोष्ट असते. मी ती अनुभवली आहे आणि तसे म्हणणाऱ्यांबद्दल माझ्या मनात कायमची कृतज्ञता आहे.

नियमांवर लक्ष ठेवणे आणि लोकांवर वचक ठेवणे या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आमच्या सर्व्हरवर अलीकडे दुसरी गोष्ट वाढली आहे. नवा मुलगा येतो, संघ जमवण्यासाठीचा संदेश चुकीच्या चॅनलमध्ये (सर्व्हरवरच्या वेगळ्या विषयाच्या दालनात) टाकतो आणि पाच-सहा जुने सभासद ‘नियम वाचता येत नाहीत का?’ म्हणून त्याच्यावर तुटून पडतात. त्यांना कोणी अधिकार दिलेला नसतो, म्हणून त्यांना कोणी जाबही विचारत नाही. मॉडरेटरने असे लिहिले असते तर त्याच्याविरुद्ध तक्रार करता आली असती. यापेक्षा गंभीर प्रकार म्हणजे संगनमताने केलेल्या तक्रारी. एखाद्याशी वैयक्तिक वाद झाला की पाच मित्र मिळून त्याच्या नावाने खेळात आणि सर्व्हरवर एकदमच तक्रारी करतात. ‘रिपोर्ट मारू’ ही धमकी म्हणून वापरली जाते आणि ती बहुतेक वेळा नव्यालाच दिली जाते, कारण त्याच्या बाजूने बोलणारे कोणी नसते. तक्रारींच्या संख्येवरून दोष ठरवणारी कोणतीही व्यवस्था या टोळक्यांपुढे हतबल होते.

लक्ष ठेवणाऱ्यांनी कोणाला जबाबदार असावे, याचे एक जुने उदाहरण मला घरचेच ठाऊक आहे. माझे आजोळ धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातले आहे. पांझरा नदीवरच्या बंधाऱ्यांतून तिथे काही शतके फड पद्धतीने, म्हणजे शेतांचे गट (फड) करून सामाईक व्यवस्थेने, शेतीला पाणी दिले गेले. त्या पद्धतीत शेतकऱ्याने स्वतः उठून आपल्या शेतात पाणी वळवून घ्यायचे नसे. पाणी देण्याचे काम पाटकऱ्याचे, पिकांवर नजर ठेवण्याचे काम जागल्याचे, आणि त्यांचा मोबदला फडातले शेतकरीच देत, त्यामुळे हे सर्व त्या शेतकऱ्यांनाच जबाबदार राहत. अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक २००९ साली मिळालेल्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरच्या अशा सामाईक व्यवस्थांचा अभ्यास करून दीर्घकाळ टिकलेल्या व्यवस्थांची काही समान वैशिष्ट्ये मांडली होती. लक्ष ठेवणारे हे स्वतः वापरकर्ते असतात किंवा वापरकर्त्यांना जबाबदार असतात. शिक्षा पायरीपायरीने वाढते, पहिल्या चुकीला सौम्य असते. आणि वाद सोडवण्याची जागा सर्वांना सहज उपलब्ध असते. ऑस्ट्रॉम यांनी पाहिले होते ते पाणी, मासेमारी, जंगल यांसारखे साठे, पण खेळाची लॉबी हीदेखील सामाईकच जागा आहे. ती एकाने नासवली तर सर्वांची संध्याकाळ वाया जाते.

आमच्या सर्व्हरवर सध्या एक प्रस्ताव चर्चेत आहे. वर्षभराहून जुन्या सभासदांना कोणालाही तासभर म्यूट करण्याचा, म्हणजे त्याचे बोलणे-लिहिणे बंद करण्याचा, अधिकार द्यावा, असे काहींचे म्हणणे आहे. मॉडरेटर मोजके आहेत, तेही नोकऱ्या करणारे आहेत, रात्री उशिरा गोंधळ झाला तर थांबवणारा कोणी नसतो, ही त्यांची अडचण खरी आहे आणि मी ती हलक्यात घेत नाही. तरीही या रूपातल्या प्रस्तावाला मी विरोध करणार आहे. सभासदत्व जुने असणे ही न्यायबुद्धीची पारख नव्हे. नव्यांवर तुटून पडणारे बहुतेक जण जुनेच आहेत.

त्याऐवजी मी जी सूचना लेखी मांडली आहे ती अशी. तक्रार कोणीही करावी, पण ती मॉडरेटरांच्या बंद चॅनलमध्ये, संभाषणाच्या चित्रासह करावी. सार्वजनिक चॅनलमध्ये कोणाला नियमांवरून सुनावणे हाच नियमभंग मानावा. चुकीच्या चॅनलमधला संदेश मॉडरेटरने योग्य जागी हलवून खासगीत कळवावे, एवढे पुरेसे आहे. शिवीगाळ, जातीवाचक बोलणे, मुलींना त्रास देणे यांसाठी रात्रीपुरता म्यूट करण्याचा अधिकार काही मोजक्या सभासदांना द्यायला माझी हरकत नाही, परंतु त्यांची निवड मतदानाने व्हावी, मुदत तीन महिन्यांची असावी, आणि त्यांनी केलेले प्रत्येक म्यूट कारणासह सर्वांना वाचता येईल अशा नोंदीत जावे. दुसऱ्या दिवशी त्या वादाशी संबंध नसलेल्या दोन मॉडरेटरांनी ती नोंद नावे झाकून तपासावी. ज्याचे निर्णय वारंवार फिरवावे लागतील त्याचा अधिकार मुदतीपूर्वी काढून घ्यावा. पाच जणांनी एकाच मजकुराबद्दल तक्रार केली तर ती एकच तक्रार धरावी.

यावर आलेला सर्वांत सबळ आक्षेप असा की ही फार कागदी व्यवस्था आहे आणि लोक इथे खेळायला येतात, दप्तर सांभाळायला नाही. कामाचा बोजा वाढेल हे मला मान्य आहे. म्हणून नोंदी ठेवण्याचे आणि नावे झाकण्याचे काम आपोआप करणारा एक छोटा बॉट (संगणकीय प्रोग्रॅम) आमच्यातलाच एक विद्यार्थी लिहितो आहे आणि त्याची चाचणी मी घेते आहे. दुसरा आक्षेप, ज्याच्याविरुद्ध तक्रार झाली त्याला तक्रारदाराचे नाव कळावे हा, मात्र मला मान्य नाही. त्याला त्याच्याविरुद्धचा पुरावा पूर्ण दिसला पाहिजे आणि आपली बाजू मांडायला वेळ मिळाला पाहिजे, परंतु तक्रारदाराचे नाव उघड झाले तर मुली आणि नवी मुले तक्रार करणेच बंद करतील, आणि मग नियम केवळ दांडग्यांच्या सोयीने चालतील. येत्या रविवारी या दोन्ही मुद्द्यांवर मतदान आहे. सर्व्हरवरच्या ज्या वाचकांनी अजून आपले म्हणणे लिहिलेले नाही, त्यांनी ते शनिवारपर्यंत सूचनांच्या चॅनलमध्ये लिहावे. विशेषतः जे या वर्षी नव्याने आले आहेत त्यांनी.