पुराची रेघ

आमच्या घरचा सर्वांत जुना अल्बम पुरानंतरचा आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, त्या लोंढ्यापुढे खडकवासल्याचे धरणही टिकले नाही आणि मुठेचे पाणी नारायण पेठेतल्या आमच्या वाड्यात शिरले, त्यात आजीची फोटोंची ट्रंक बुडाली. ट्रंक सापडली, परंतु फोटोच्या कागदावरचा जिलेटिनचा थर पाण्यात फुगून चिकट होतो, त्यामुळे आतल्या साऱ्या नातेवाइकांची मिळून एकच जाड वडी झाली होती. लग्नाचा फोटो कोणी मागितला की आजी आजोबांकडे बोट दाखवून म्हणायची, "पुरावा म्हणून एवढेच उरलेत."

पुराआधीचे जे चार-पाच फोटो आज आहेत, ते सगळे बाहेरून परत आलेले आहेत. स्टुडिओतून मुंजीचा फोटो आणला की एक प्रत साताऱ्याच्या आत्याकडे पाठवायची, ही तेव्हाची रीत आमच्या कामी आली.

एका फोटोने मात्र बरीच वर्षे भांडण लावले. वाड्याच्या चौकात काका सायकल धरून उभे आहेत. मागे तारीख नाही. फोटो कोणाच्या तरी आग्फा क्लिकने काढलेला असावा, कारण चौकोनी आहे. त्या कॅमेऱ्यात एका रोलवर बाराच फोटो निघत, म्हणजे एक फोटो खर्ची घालण्याइतके त्या सायकलीचे कौतुक होते. बाबांच्या मते तो पुराआधीचा, काकांच्या मते नंतरचा, आणि दोघांनाही तो दिवस 'लख्ख' आठवत होता.

गेल्या दिवाळीत मी तो स्कॅन करून मोठा केला. काकांचा चेहरा काही अधिक स्पष्ट झाला नाही, पण कडेचा तांब्याचा बंब दिसला, दोरीवरचे नऊवारी लुगडे दिसले, आणि घाईने चौकटीबाहेर जाणाऱ्या आजीचे कोपरही दिसले, जे मला काकांच्या ऐटीपेक्षा जास्त आवडले. तेवढ्यात मागच्या भिंतीकडे लक्ष गेले. काकांच्या डोक्याच्या हातभर वर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक सरळ आडवी रेघ होती. तिच्या खाली भिंत काळपट, वर चुन्याचा पांढरा रंग. आता त्या जागी इमारतीचे पार्किंग आहे, त्यामुळे पाणी कुठवर चढले होते हे सांगणारी आमच्या घरची ती शेवटची भिंत म्हणायची.

काकांनी विजयी मुद्रेने फोन बाबांपुढे धरला. बाबांनी चष्मा वर सरकवून बराच वेळ रेघ पाहिली, मग सायकल पाहिली.

"म्हणजे ही नवी घेतलेली," ते म्हणाले. "मी शिकलो ती वाहून गेली. तिला हँडलला पितळेची घंटा होती."

काकांना ती घंटा आठवत नव्हती. त्या सायकलीचा फोटो कुठेच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी साताऱ्याला फोन लावला.