कैलास लेणं माणसांनीच कोरलंय

आज दुपारी भाचीसोबत टीव्हीवर परग्रहवासीयांवरचा एक माहितीपट बघितला. वेरूळचं कैलास लेणं म्हणे माणसाच्या हातून होणं शक्यच नाही! का शक्य नाही, ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. नुसते प्रश्न आणि अंगावर येणारं संगीत. खरंच संताप झाला.

अहो, तिथल्या दगडावर छिन्नीचे घाव आजही दिसतात. वेरूळची काही लेणी अर्धवट राहिलीत, त्यांत काम कसं पुढे सरकायचं ते उघड दिसतं. कैलास तर वरून खाली खोदत आणलंय. आणि इ.स. 812 च्या बडोदा ताम्रपटात राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या एलापूरच्या, म्हणजे वेरूळच्या, मंदिराचं वर्णन आहे. ते घडवणारा कारागीर स्वतःच थक्क झाला, हे मी कसं केलं म्हणून, असं त्यात कोरलंय. किती माणसासारखं आहे हे!

विश्वात दुसरीकडे जीवसृष्टी असेलही, शोध जरूर घ्यावा. पण त्यासाठी आमच्या पाथरवटांचं श्रेय का हिरावता?

दिवाळीच्या सुट्टीत भाचीला वेरूळला नेणार आहे. कुणाला यायचं असेल तर सांगा, फक्त मंगळवार नको, लेणी बंद असतात.