तुम्ही विचारलंत म्हणून: गाणं कुठल्या डिस्ट्रिब्यूटरकडे द्यावं?

गाणं रेकॉर्ड झालं, मिक्सिंग-मास्टरिंग आटोपलं, कव्हरही तयार आहे, की हमखास हा प्रश्न येतो: ‘स्पॉटिफाय, ॲपल म्युझिक, जिओसावन सगळीकडे गाणं टाकायचंय, कुठला डिस्ट्रिब्यूटर घेऊ?’ डिस्ट्रिब्यूटर म्हणजे आपलं गाणं या ॲपवर पोचवणारी मधली सेवा. एखादं नाव सांगून मोकळं होता येईल, पण त्याने तुमचं काम होणार नाही. निवडताना आधी शेवट बघा. पैसे भरणं थांबवलं तर गाण्याचं काय होणार? दुसरीकडे जायचं ठरवलं तर सोबत काय नेता येणार? आणि कुठले हक्क तिकडेच अडकून राहणार? ज्या सेवेच्या अटींमध्ये याची उत्तरं सरळ सापडतात, ती तुमच्या कामाची. बाकी कुठल्या ॲपवर गाणं पोचतं याच्या याद्या सगळ्यांच्या सारख्याच लांबलचक असतात.

मधला माणूस टाळता येत नाही. स्पॉटिफायने २०१८ मध्ये काही कलाकारांना थेट अपलोड करू दिलं होतं, पण पुढच्याच वर्षी ते बंद केलं. तेव्हा कुणाच्या तरी मार्फतच जायचं.

पैसे घेण्याच्या तऱ्हा तीन. डिस्ट्रोकिड किंवा ट्यूनकोअरसारख्या ठिकाणी वर्षाची वर्गणी भरायची, हवी तेवढी गाणी टाकायची आणि स्टोअरकडून, म्हणजे स्पॉटिफायसारख्या ॲपकडून, आलेली रक्कम पूर्ण आपली. सीडी बेबीकडे प्रत्येक रिलीजचे पैसे एकदाच भरायचे आणि कमाईतले ९ टक्के त्यांचे. राउटनोटच्या मोफत योजनेत सुरुवातीला काहीच भरायचं नाही, पण १५ टक्के कापले जातात. हिशेब सोपा आहे. समजा, वर्गणी वर्षाला २,००० रुपये आहे. १५ टक्क्यांच्या सेवेकडे तेवढंच कमिशन कापलं जायला गाण्यांनी वर्षाला १३,३३३ रुपये कमवावे लागतील. कमाई त्याच्या खाली असेल तर कमिशन स्वस्त, वर असेल तर वर्गणी स्वस्त. वर्षाला एखाद-दुसरं गाणं करणाऱ्याने हा आकडा मांडल्याशिवाय वर्गणी भरू नये.

पण खरा फरक पडतो तो वर्गणी संपल्यावर. वार्षिक वर्गणीच्या योजनेत पैसे भरणं थांबलं की गाणी स्टोअरवरून उतरतात. डिस्ट्रोकिडकडे ‘लीव्ह अ लेगसी’ नावाची सोय आहे. प्रत्येक रिलीजसाठी एकदाच जास्तीचे पैसे भरले की वर्गणी संपली तरी ते राहतं. वर्गणीच्या आकड्यात ही रक्कम मिळवूनच तुलना करा. आषाढीचा अभंग किंवा गणपतीची आरती अकरा महिने जवळपास कुणी ऐकत नाही आणि बाराव्या महिन्यात सगळे ऐकतात. कार्डची मुदत संपून वर्गणी नेमकी जूनमध्ये चुकली, तर वर्षभराचा हंगाम गेला. असं गाणं एकदाच पैसे भरायच्या सेवेकडे बरं. दर महिन्याला नवीन ट्रॅक काढणाऱ्या रॅपरला मात्र वर्गणीच परवडते.

आता सेवा बदलण्याबद्दल. हे नीट केलं तर स्ट्रीमचे आकडेही टिकतात आणि प्लेलिस्टमधली जागाही. प्रत्येक रेकॉर्डिंगला आयएसआरसी नावाचा १२ अक्षरा-अंकांचा क्रमांक असतो. भारतात त्याची व्यवस्था इंडियन म्युझिक इंडस्ट्री ही संस्था बघते. बहुतेक डिस्ट्रिब्यूटर आपल्याकडचा क्रमांक फुकट देतात. क्रमांकाच्या सुरुवातीला त्यांची अक्षरं असली म्हणून गाणं त्यांचं होत नाही. तो त्या रेकॉर्डिंगला कायमचा चिकटलेला असतो आणि तुम्ही तो बरोबर नेऊ शकता, न्यायलाच हवा. जुन्या खात्यातून आयएसआरसी, यूपीसी (अख्ख्या रिलीजचा क्रमांक), मूळ रिलीजची तारीख आणि नावांची जशीच्या तशी स्पेलिंग उतरवून घ्या. नव्या सेवेत ‘माझ्याकडे आधीचा आयएसआरसी आहे’ हा पर्याय निवडून तोच क्रमांक भरा. फाइलही तीच द्या. नवं मिक्स दिलं, किंवा शेवटची दोन सेकंदं कापली, तर स्टोअरला ते वेगळं रेकॉर्डिंग वाटतं आणि आकडे शून्यापासून सुरू होतात. नवी प्रत सगळीकडे दिसू लागल्यावरच जुनी उतरवा. काही दिवस एकच गाणं दोनदा दिसलं तर बिघडत नाही. बहुतेकांचं चुकतं ते इथे: आधी जुनं उतरवतात, नवं चढायला दहा दिवस लागतात, आणि तेवढ्यात लोकांच्या प्लेलिस्टमधून गाणं गेलेलं असतं.

यूट्यूबचं कंटेंट आयडी हा यातला सर्वांत नाजूक भाग. तुमच्या रेकॉर्डिंगचा ठसा यूट्यूबकडे जातो, आणि तो आवाज कुणाच्याही व्हिडिओत सापडला की त्यावर दावा लागून जाहिरातीचे पैसे तुमच्याकडे वळतात. डिस्ट्रिब्यूटर यासाठी वेगळा वाटा घेतात, कुठे २० टक्के, कुठे ३०. ‘शंभर टक्के तुमचे’ या जाहिरातीत हा वाटा धरलेला नसतो. पण पैशांपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे, या सेवेत तेच रेकॉर्डिंग चालतं ज्यातला प्रत्येक आवाज फक्त तुमचा आहे. तानपुरा ॲपचा षड्ज, विकत घेतलेला लेहरा, लूप लायब्ररीतला ढोलकीचा तुकडा, इंटरनेटवरून भाड्याने घेतलेला बीट, हे सगळे आवाज तुमच्यासारख्या शेकडो जणांकडे आहेत. सुरुवातीची वीस सेकंदं नुसता तानपुराच वाजत असेल, तर तोच तानपुरा वापरणाऱ्या दुसऱ्या गायिकेच्या रियाजाच्या व्हिडिओवर तुमचा दावा लागतो. ती हरकत घेते, उत्तर द्यायला तुमच्या बाजूला ३० दिवस मिळतात, आणि असे दावे वारंवार झाले तर डिस्ट्रिब्यूटर तुमची सेवाच बंद करतो. अशा गाण्याला कंटेंट आयडीची खूण करूच नका. स्टोअरवर ते बिनदिक्कत चालेल. ज्याला हे हवंच आहे त्याने खरा तानपुरा आणि खरी साथ रेकॉर्ड करावी. स्वतःचं चॅनल असेल तर ते दाव्यांतून वगळायला आधीच सांगा, नाहीतर पहिला दावा तुमच्याच व्हिडिओवर लागेल. आणि सेवा बदलताना जुन्याकडचं कंटेंट आयडी आधी मोकळं करून घ्या. एका रेकॉर्डिंगवर दोघांनी मालकी सांगितली की वाद मिटेपर्यंत पैसे कुणालाच मिळत नाहीत.

डिस्ट्रिब्यूटर गोळा करतो ते रेकॉर्डिंगचे पैसे. शब्द आणि चाल यांचा हक्क वेगळा आहे. त्याची रॉयल्टी गीतकार-संगीतकारांना आयपीआरएस या संस्थेमार्फत मिळते, म्हणजे तिथे सभासद होऊन प्रत्येक गाणं नोंदवावं लागतं. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्याने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला समान वाटा राखून ठेवला आहे. वारस किंवा कॉपीराइट सोसायटी सोडून तो कुणाला लिहून देता येत नाही. म्हणून ‘डिस्ट्रिब्यूशन करार’ म्हणून पुढे आलेल्या कागदात ‘असाइनमेंट’, म्हणजे मालकी लिहून देणं, हा शब्द दिसला की थांबा. डिस्ट्रिब्यूटरला परवाना लागतो, मालकी लागत नाही. मालकी दिलीच आणि मुदत लिहिली नसेल, तर कायदा ती पाच वर्षं धरतो. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत.

तुकोबांच्या अभंगाचे शब्द सर्वांचे आहेत, कारण कवीच्या निधनानंतर साठ वर्षांनी शब्द मुक्त होतात. पण तो अभंग ज्या चालीत आपण लहानपणापासून ऐकतो, ती चाल विसाव्या शतकातल्या एखाद्या संगीतकाराची असू शकते आणि तिच्यावर हक्क चालू असू शकतो. स्वतःची चाल बांधा किंवा परवानगी काढा. परदेशी सेवांकडे थोड्या पैशांत जो कव्हर परवाना (दुसऱ्याचं गाणं नव्याने गाण्याचा) मिळतो तो मुख्यतः अमेरिकेपुरता असतो, भारतातल्या स्टोअरसाठी त्याचा आधार घेऊ नका. आपल्या कायद्यातही कव्हरची तरतूद आहे, कलम ३१सी. पण मूळ रेकॉर्डिंगला पाच वर्षं झालेली असावी लागतात आणि वर्षाला किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी भरावी लागते. एकट्या कलाकाराला ते झेपणारं नाही.

मराठी गाण्यासाठी आणखी एक गोष्ट विचारून घ्या: कॉलर ट्यून. भक्तिगीत किंवा लग्नाचं गाणं त्यावर चांगलं चालतं, आणि ती सेवा सगळ्या परदेशी डिस्ट्रिब्यूटरांकडे नसते. असेल तर ट्यून कुठल्या सेकंदापासून सुरू व्हावी हे तुम्हीच भरा. नाहीतर लोकांच्या फोनवर सुरुवातीचा आलापच वाजत राहील, मुखडा येईपर्यंत फोन उचललेला असेल.

फाइल डब्ल्यूएव्ही द्या, १६ किंवा २४ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ. एमपीथ्रीची डब्ल्यूएव्ही करून देऊ नका. स्पॉटिफाय आवाजाची पातळी साधारण उणे १४ एलयूएफएसला (आवाज किती मोठा वाटतो ते मोजायचं एकक) आणतं, त्यामुळे मास्टर ठासून मोठं करण्यात फायदा नाही. कव्हर ३००० बाय ३००० पिक्सेल, त्यावर फोन नंबर, इन्स्टाग्रामचं नाव किंवा लोगोंची रांग नको. असं काही असलं की गाणं परत येतं. नावाचं रोमन स्पेलिंग एकदाच ठरवा. ‘विठ्ठल’मध्ये टी एक की दोन, आडनावाच्या शेवटी ए आहे की नाही, हे दर रिलीजला बदललं तर तुमची दोन-तीन पानं तयार होतात. तुमच्या नावाचे आणखीही कलाकार असतील तर अपलोड करताना तुमच्या जुन्या पानाची लिंक द्या, नाहीतर गाणं भलत्याच कुणाच्या पानावर जाऊन बसतं.

पैसे दोन-तीन महिने उशिराने दिसतात. सेवा अमेरिकी असेल तर डब्ल्यू-८ बेन हा अमेरिकी कराचा फॉर्म भरून त्यात पॅन द्या: अमेरिकेतल्या कमाईवर भारत-अमेरिका कर करारानुसार १५ टक्के कर कापला जातो, फॉर्म नसेल तर ३०. स्पॉटिफायवर २०२४ पासून मागच्या बारा महिन्यांत १,००० स्ट्रीम न झालेल्या ट्रॅकला रेकॉर्डिंगची रॉयल्टी मिळत नाही. म्हणून कुणी ‘हजार स्ट्रीम करून देतो’ म्हणालं तर मुळीच ऐकू नका. खोटे स्ट्रीम पकडले की स्पॉटिफाय डिस्ट्रिब्यूटरला दंड करतं, तो दंड तुमच्याकडून वसूल होतो आणि गाणंही उतरतं.

अपलोड रिलीजच्या चार आठवडे आधी करा. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं पाठवण्याची खिडकी रिलीजआधीच उघडी असते, आणि किमान सात दिवस आधी पाठवलं तर तुमच्या फॉलोअरांच्या रिलीज रडारमध्ये, म्हणजे नव्या गाण्यांच्या प्लेलिस्टमध्ये, ते येतं. एखादी चूक निघून फाइल परत आली तरी हाताशी वेळ राहतो. वारीचं गाणं असेल तर ज्येष्ठ वद्यात देहू-आळंदीहून पालख्या निघण्याआधी ते सगळीकडे लागलेलं हवं, म्हणजे फाइल वैशाख पौर्णिमेच्या सुमारासच गेलेली हवी.